कासारणीचं पिल्लू आणि वाजत्या बांगड्या

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. माझ्या पणजीची पणजी परकर सावरत अंगणात पळत होती, त्याच्याही आधीची. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात देऊळ, देवळापुढे पार, पाराभोवती आठवड्याचा बाजार, आणि बाजारातून डावीकडे वळलं की सकवार कासारणीचं घर.

कासारीण म्हणजे बांगड्या भरणारी बाई. सकवार डोक्यावर टोपली घेऊन दारोदार जायची. हात कितीही आखडलेला असो, ती अंगठ्याचा सांधा असा काही दाबायची, की बांगडी मनगटात कधी गेली ते कळायचंसुद्धा नाही. तिच्या हातून बांगडी वाढली, असं सहसा व्हायचं नाही. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं बरं का, वाढली म्हणायचं. लहानांनी एवढं लक्षात ठेवा, मोठ्यांना ठाऊक असेलच.

त्या गावच्या कासारांची एक रीत होती. दुसरीला बांगड्या भरणाऱ्या बाईने आपले हात मोकळे ठेवायचे. आपल्या बांगडीचा धक्का लागून गिऱ्हाइकाची बांगडी वाढायला नको, म्हणून. सकवारच्या मनगटाला एक काळा दोरा तेवढा असे. ही रीत नीट ध्यानात ठेवा, सगळी गोम तिच्यातच आहे.

सकवारचा नवरा माल आणायला दूरदेशी जायचा, तो महिनोन् महिने फिरकत नसे. मूलबाळ नव्हतं. दिवसभर बायकांत हसणारी-बोलणारी सकवार संध्याकाळी घराची कडी काढायची, तेव्हा आत "आलीस का गं?" म्हणणारं कोणी नसायचं. म्हणून एकदा धनगरांच्या वाड्यावर तिने कुत्र्याची पिल्लं पाहिली आणि त्यातलं एक उचललं. तांबूस अंग, पांढरं कपाळ आणि कपाळावर मधोमध काळा ठिपका. कोणी टिकली लावून द्यावी तसा.

धनगर म्हणाला, "बाई, अजून डोळे नीट उघडले नाहीत त्याचे. राहू दे आईपाशी थोडे दिवस."

पण सकवारला कुठला दम निघतोय! तिने पिल्लू पदराखाली घेतलं आणि घर गाठलं. नाव ठेवलं टिकल्या.

टिकल्या तिच्यामागून दारोदार जाऊ लागला. गावातल्या बायांना तर खेळणंच सापडलं. टिकल्या आला की कोणी ना कोणी हात पुढे करून बांगड्या वाजवायची, खळखळ खळखळ. टिकल्या कान टवकारायचा, उडी मारायचा आणि आपल्या इवल्याशा दातांत मनगट धरायचा. बाया खो खो हसायच्या.

"अगं बया, बघा तरी! बांगड्या भरून मागतोय मेला!"

सगळ्यात जास्त हौस पाटलीणबाईंना. त्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले. त्या ओट्यावर बसून बांगड्या वाजवायच्या आणि टिकल्याने मनगट धरलं की ते सोडवायला खोबऱ्याचा तुकडा द्यायच्या. टिकल्याच्या डोक्यात हिशोब पक्का बसला. बांगड्या वाजल्या, की धरायचं. धरलं, की सगळे हसतात आणि खोबरं मिळतं. आता तुम्हीच सांगा, यात त्या पिल्लाचं काय चुकलं?

पण पिल्लू का पिल्लूच राहतं? टिकल्याचे पाय लांब झाले, जबडा भरला. तो आता मनगट धरायचा, तर दातांचे वळ उठायचे. कोणाचा पदर फाटला, कोणाची पोर किंचाळत पळाली. ज्या बायांनी डोक्यावर बसवलं, त्याच सकवारच्या दारात येऊन भांडू लागल्या.

"तुझं कुत्रं चावतं गं, आवर त्याला!"

सकवार कमरेला पदर खोचून उभी राहायची. "माझा टिकल्या? चावतो? अहो, दिवसरात्र माझ्यापाशी असतो, माझ्या बोटाला कधी दात लावला नाही त्याने. तुम्हीच काहीतरी खोड्या काढत असाल."

आणि ती खोटं बोलत नव्हती, बरं का. टिकल्या तिला कधीच चावला नव्हता. का ते तुमच्या ध्यानात आलं असेल. सकवारच्या मात्र आलं नाही. आपलं माणूस आपल्याशी गोड वागतं, तेव्हा ते जगाशी कसं वागतं हे दिसतच नाही आपल्याला.

मग तो दिवस उजाडला. पाटलांच्या ठकूचं लग्न ठरलं होतं. सोयरे-धायरे जमले होते आणि पाटलीणबाईंनी त्याच सकाळी नवा हिरवा चुडा भरून घेतला होता. पाहुण्यांपुढे पानाचं तबक धरायला त्यांनी हात पुढे केला, बांगड्या खळखळल्या, आणि अंगणातून टिकल्याने झेप घेतली. तबक उडालं. हिरव्या काचा ओसरीभर झाल्या. पाटलीणबाईंच्या मनगटातून रक्त आलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. पाटील रागाने लाल झाले होते. ते म्हणाले, "मिठाच्या बैलांचा तांडा घाटावरून उतरला की परत जाताना हे कुत्रं घेऊन जाईल. घाटापलीकडे सोडतील. पुन्हा या गावात ते दिसता कामा नये."

टिकल्या सकवारच्या पायाशी बसून शेपटी हलवत होता. त्याला वाटत होतं, एवढी माणसं आपल्याशी खेळायलाच जमली आहेत.

तेव्हा ठकू पुढे झाली. "बाबा, माझ्या चुड्याच्या दिवसापर्यंत थांबा. तांडाही तोवर यायचा नाही. त्या दिवशी सगळं गाव असेल. सगळ्यांसमोर टिकल्या नीट वागला तर राहू दे त्याला. नाही वागला, तर सकवारमावशी स्वतः त्याला तांड्यात नेऊन देईल."

लेक चार दिवसांची पाहुणी. पाटलांचा जीव विरघळला. ते म्हणाले, "बरं. पण पुन्हा दात लागला, तर माझ्यापुढे रडायचं नाही कोणी."

सकवारने मान हलवली आणि घरी येऊन टिकल्याच्या गळ्यात पडून पोटभर रडली. त्याने तिचे गाल चाटले. एवढा मायाळू जीव, आणि उद्या घाटापलीकडे कोण विचारणार त्याला?

आता गावात सल्ल्यांना काय तोटा! एकीने सांगितलं, काठी दाखव. सकवारने काठी दाखवली, तर टिकल्या खाटेखाली जाऊन बसला आणि बाहेर आल्यावर बांगडी वाजताच गुरगुरून धरू लागला. आधी नुसता धरत होता, आता गुरगुरायलाही शिकला. दुसरीने सांगितलं, बांगड्यांना मिरची चोळायची, आणि आपल्याच बांगड्यांना चोळून दाखवली. मिरचीने टिकल्याला काही झालं नाही, पण सांगणारीने त्याच हाताने डोळे चोळले आणि तीच गावभर नाचली. तिसरीने सांगितलं, खुंटीला बांधून ठेव. त्याने दावं कुरतडलं.

सकवारच्या नाकी नऊ आले. शेवटी ती टिकल्याला घेऊन धनगरांच्या वाड्यावर गेली. मनाशी म्हणाली, तांड्यात द्यायचं त्यापेक्षा आईच्याच पोटाशी देते. पण धनगर मेंढरं घेऊन रानात गेला होता. वाड्याच्या दाराशी टिकल्याची आई लोळत पडली होती आणि तिच्याभोवती नवी पिल्लं बागडत होती.

"आलीस का माझ्या लेकाला परत द्यायला?" कुत्री म्हणाली.

कुत्री कशी बोलली, असं मध्येच विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर गुमान ऐका.

सकवारचे डोळे भरून आले. "काय करू गं? मला सोडून सगळ्यांना चावतो."

"तुला का चावेल? तुझे हात कुठे वाजतात!"

सकवारने आपल्या मनगटाकडे पाहिलं. काळा दोरा.

"खेळायला येतो तो," कुत्री म्हणाली. "खेळात किती जोराने धरायचं, ते पिल्लू भावंडांत शिकतं. तू त्याआधीच उचलून नेलंस. आता बस इथे आणि माझी ही कार्टी बघ."

सकवार बसली. दोन पिल्लं लोळत होती. एकाने दुसऱ्याचा कान जरा जोरात धरला. दुसरं केकाटलं, सुटलं आणि सरळ पाठ फिरवून आईपाशी जाऊन बसलं. खेळ संपला. पहिलं पिल्लू भांबावून उभं राहिलं. थोड्या वेळाने शेपटी पाडून जवळ आलं आणि भावाचं तोंड चाटू लागलं. मग खेळ पुन्हा सुरू झाला. पुन्हा कान धरला, पण या वेळी अगदी हळू.

"बघितलंस?" कुत्री म्हणाली. "मारलं नाही कोणी. दात लागला की खेळ संपला, एवढंच. पण एकाने खेळ थांबवला आणि दुसऱ्याने चालू ठेवला, तर काही उपयोग नाही. तो त्या दुसऱ्याकडे जाईल. मी माझ्या सगळ्या पोरांना एकच शिकवते."

सकवार उठली. टिकल्याला तिथे ठेवायचं ती पार विसरून गेली. घरी येऊन तिने टोपली उघडली आणि आपल्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या. इतक्या वर्षांनी हात जड झाले, वाजू लागले. दुसऱ्या दिवशी ती तशीच रस्त्याने निघाली आणि बायांनी तोंडाला पदर लावले.

"अगं बाई! कासारीण नटली की! नवरा येणार आहे वाटतं?"

"नवरा कुठला? पोरगं शिकवायचंय," सकवार म्हणाली आणि चालू लागली.

घरी तिने अंगणात बसून बांगड्या वाजवल्या. टिकल्याला आधी खरंच वाटेना. आपल्या आईचे हात वाजतात? त्याने आनंदाने झेप घेतली आणि मनगट धरलं. पहिल्यांदाच सकवारला ते दात लागले. "आई गं!" ती कळवळली. गावच्या बाया इतके दिवस काय सांगत होत्या, ते तिला त्या क्षणी समजलं आणि ती मनातल्या मनात ओशाळली. पण तिने हात झटकला नाही, टिकल्याला मारलं नाही. हात तसाच थांबवला. बांगड्या गप्प झाल्या. त्याची पकड सैल होताच ती पाठ फिरवून बसली.

टिकल्या भुंकला. पदर ओढला. तिच्यापुढे येऊन बसला, तर ती दुसरीकडे वळली. कंटाळून त्याने शेवटी तिच्या कोपराला नाक लावलं. सकवार लगेच वळली. "शहाणा माझा राजा तो!" म्हणाली आणि चघळायला काथ्याच्या सुंभाचा जाड तुकडा त्याच्या तोंडात दिला. दात शिवशिवणारच, त्यांना काहीतरी हवंच ना?

असं रोज. तिच्या कितीतरी बांगड्या वाढल्या, हातावर ओरखडे उठले. कधी वाटे, शिकला. आणि दुसऱ्याच सकाळी गडी पुन्हा मनगटाला लोंबकळलेला. सकवार चिडायची, रडायची, पुन्हा बांगड्या भरायची. हळूहळू दात हलके झाले. मग नुसतं नाक लागू लागलं. मग बांगड्या वाजल्या की टिकल्या खाली बसून तिच्या तोंडाकडे बघू लागला.

मग बाजार. पहिल्यांदा ती त्याला लांब चिंचेखाली घेऊन बसली, गलका नुसता ऐकू येईल इतक्या लांब. तो शांत राहिला की पुढच्या बाजाराला थोडं जवळ. असं करत दोघं पारापर्यंत आली. आणि ती घरोघर जाऊन सगळ्यांना सांगू लागली, "बायांनो, माझं चुकलं. मी तुमचं ऐकलं नाही. पण आता एवढं करा. त्याचा दात लागला की हसू नका, ओरडू नका, खाऊ देऊ नका. नुसता हात थांबवा आणि पाठ फिरवा. बसला, तर मग कौतुक करा."

सकवारने चूक कबूल केल्यावर बायाही नरमल्या. म्हातारीकोतारी, पोरंसोरं, सगळी हात थांबवायला शिकली. गंमतच झाली म्हणा ना. टिकल्या दिसला की पाणवठ्यावरच्या बायका सुद्धा पुतळ्यासारख्या उभ्या!

एक घर मात्र राहिलं. पाटलांचं. तिथे टिकल्या गेला की ओट्यावर पाय टाकून भुंकायचा, उड्या मारायचा, सगळं शिकलेलं विसरायचा. सकवारला कळेना, असं का? तिने एकदा भिंतीआड उभं राहून पाहिलं. पाटलीणबाई दारातून घाबऱ्या घाबऱ्या खोबऱ्याचे तुकडे फेकत होत्या. "घे बाबा, घे, आणि जा एकदाचा!"

सकवार पुढे झाली. "बाई, उडी मारली की तुम्ही त्याला खाऊ देताय. मग तो उडी का सोडेल?"

पाटलीणबाई कडाडल्या, "वा गं वा! माझं रक्त काढलं याने, आणि चूक माझी? आता मी याच्यापुढे हात जोडून उभी राहू का?"

ठकू आतून आली. ती हळूच म्हणाली, "आई, त्याला पहिल्यांदा बांगड्या वाजवून कोणी बोलावलं होतं? तू हसायचीस, मीही हसायचे. आपल्यालाच किती गोड वाटायचं ते."

पाटलीणबाईंनी दार लावून घेतलं. बाहेर सकवारने टिकल्याला पोटाशी धरलं. चुड्याचा दिवस तोंडावर आला होता, आणि घाटावर तांड्याच्या घुंगरांचा आवाज सकाळपासून येत होता.

चुड्याच्या दिवशी पाटलांच्या अंगणात गाव लोटलं. मांडव पडला होता, वाजंत्री वाजत होती, पोरं पायात पायात करत होती. वेशीपाशी मिठाचे बैल बसले होते. सकवार कांबळ्यावर बसली, शेजारी टिकल्या. आज चुडा भरायचा म्हणून रीतीप्रमाणे तिचे हात मोकळे होते. तिने ठकूचा हात हातात घेतला आणि टिकल्याच्या कानात म्हणाली, "बाळा, आता मला तुझ्याकडे बघता यायचं नाही."

हिरव्या बांगड्या एकेक करून चढू लागल्या. चहूकडे हात वाजत होते. टिकल्याचे कान थरथरत होते, पण तो बसून राहिला. एक बारकं पोर त्याच्या शेपटीवर पडलं, तरी तो बसून राहिला.

तेवढ्यात पाटलीणबाई ओवाळायला तबक घेऊन बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत भरलेले, चालताना खळखळ खळखळ. आणि तबकात खोबऱ्याची वाटी.

टिकल्या उठला.

सकवारच्या बोटांत ठकूचा हात होता आणि बांगडी सांध्यावर आलेली. सोडली तर वाढणार, नवरीच्या हातात! तिला हलता येईना. तिने डोळे घट्ट मिटले. टिकल्या सरळ पाटलीणबाईंकडे निघाला.

आणि मग एक नवल झालं. कोणी सांगितलं नव्हतं, पण मांडवातल्या सगळ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. एकही बांगडी वाजेना. वाजंत्रीवाला सुद्धा बघत राहिला, त्याची फुंकच अडली. अख्ख्या मांडवात वाजत होते फक्त पाटलीणबाईंचे हात, कारण ते भीतीने कापत होते.

त्यांचा एक हात खोबऱ्याकडे गेला. फेकावं आणि सुटावं! पण त्यांनी सभोवार पाहिलं. गावातली सगळी बायामाणसं, लहान लेकरंसुद्धा, त्या एका कुत्र्यासाठी श्वास धरून उभी होती. समोर ठकूचे डोळे डबडबलेले होते. पाटलीणबाईंनी खोबरं तसंच राहू दिलं. तबक कमरेशी धरलं, दोन्ही हात स्थिर केले आणि उभ्या राहिल्या. त्यांच्याही बांगड्या गप्प झाल्या.

टिकल्या त्यांच्यापाशी पोचला. मनगटाजवळ नाक नेलं. तोंड उघडलं. मग त्या शांत हाताकडे पाहिलं, चोहीकडच्या शांत हातांकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि त्यांच्या पायांशी शेपटी गुंडाळून बसला.

पाटलीणबाई हळूच खाली वाकल्या आणि खोबऱ्याचा तुकडा मोडून त्यांनी तळहातावर पुढे केला. टिकल्याने तो ओठांनी उचलला. हाताला दाताचा स्पर्शसुद्धा झाला नाही.

"शहाणा गं बाई!" त्या म्हणाल्या, आणि रडूही लागल्या आणि हसूही लागल्या. "सकवार, उघड डोळे! बसलाय बघ तुझा लेक माझ्या पायाशी."

सकवारने डोळे उघडले. आधी हातातली बांगडी ठकूच्या मनगटात नीट चढवली, आणि मग पदर डोळ्यांना लावला. मांडवातल्या सगळ्या बायांनी एकदम हात वाजवले. असा खळखळाट झाला की वाजंत्री त्यात बुडून गेली. टिकल्याने कान टवकारले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि बसल्या जागी एक मोठी जांभई दिली.

पाटील वेशीवर गेले आणि तांडेवाल्याला म्हणाले, "तुम्ही निघा, दादा. तुमच्याबरोबर पाठवायचं असं आमच्याकडे काही नाही."

तेव्हापासून त्या गावात कोणाच्या घरी नवं पिल्लू आलं की घरातली थोरली बाई सगळ्या आळीला सांगून यायची, "आमच्याकडे बाळ आलंय, हात सांभाळा." आणि सकवार संध्याकाळी घराची कडी काढायची, तेव्हा आतून कोणीतरी शेपटी आपटत धावत यायचं.

म्हणून लहानांनो, आणि मागे बसून हसणाऱ्या मोठ्यांनो, एवढं मनात ठेवा: ज्या खोडीला हसून आपणच खाऊ घातला, ती सोडवायची असेल तर आधी आपला हात थांबवावा लागतो, आणि तोही सगळ्यांनी मिळून.